पहिला कुत्रा जाणता असावा

लग्नाला दोन-चार वर्षं झालेली, भायखळ्याला वन-बीएचकेचा ताबा मिळालेला, एकाची नोकरी फोर्टात आणि दुसऱ्याची बीकेसीत. अशा जोडप्याच्या मनानं कुत्रा पाळायचं घेतलं की शोध सुरू होतो तो पिल्लाचा. दीड-दोन महिन्यांचं, ओंजळीत मावणारं. विकत घ्यायचं की दत्तक, लॅब्रॅडॉर की गावठी, यावर घरात वाद होतात. पण पिल्लू आणायचं की मोठा कुत्रा, हा प्रश्न सहसा कुणाला पडतच नाही. माझ्या मते महत्त्वाचा प्रश्न तोच आहे, आणि मुंबईपुरतं तरी त्याचं उत्तर सरळ आहे. दिवसभर घराबाहेर असणाऱ्या दोघांनी आपला पहिला कुत्रा म्हणून पिल्लू आणू नये. दीड ते चार वर्षांचा, नसबंदी आणि लसीकरण झालेला, ज्याचा स्वभाव कुणीतरी जवळून पाहिलेला आहे असा देशी कुत्रा दत्तक घ्यावा.

आधी पिल्लाचा दिवस कसा असतो ते पाहू. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शू लागते, दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतं, आणि जागं असताना ते काही ना काही चावत असतं. चप्पल, सोफ्याचा पाय, मोबाईलच्या चार्जरची वायर. सकाळी साडेआठला घर बंद करून रात्री आठला परतणाऱ्यांच्या घरात हा दिवस बसत नाही. पण खरी अडचण याहून खोल आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी बार हार्बरच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून 1965 साली आपले निष्कर्ष पुस्तकरूपानं मांडले. त्यांचं सार असं, की साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या काळात पिल्लू जे पाहतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला आयुष्यभर आपलं वाटतं. त्या काळात ज्याची ओळख झाली नाही त्याची पुढे भीती वाटू शकते. आता दुसरी बाजू बघा. पार्वो, डिस्टेंपर यांच्या लसींचे डोस सहाव्या-आठव्या आठवड्यापासून सुरू होतात आणि साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. तोवर पिल्लाला रस्त्यावर उतरवू नका, असं व्हेट बजावतात, आणि मुंबईच्या रस्त्यावरचा पार्वो पाहता ते बरोबरच असतं. म्हणजे ज्या आठवड्यांत पिल्लानं बेस्टची बस, हातगाडी, मुलांचा गलका हे सगळं पाहायला हवं, त्याच आठवड्यांत ते घरात कोंडलेलं असतं. अनुभवी माणूस यातून वाट काढतो: पिल्लाला कडेवर घेऊन फिरवतो, लस पूर्ण झालेल्या ओळखीच्या कुत्र्यांशी गाठ घालून देतो. पहिलटकरांना, त्यातही नोकरीवाल्यांना, हे जमणं अवघड.

पिल्लूपण चार महिन्यांत सरतं आणि त्यानंतर येतं ते वयात येण्याचं वर्ष, ज्याबद्दल दत्तक देणारेही फारसं बोलत नाहीत. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2020 साली दाखवलं, की आठ महिन्यांच्या आसपास कुत्रा अनोळखी माणसाचं ऐकतो पण स्वतःच्या मालकाचं ऐकेनासा होतो. किशोरवयीन मुलांच्या आईबापांना हे नवं नाही. पण पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं, किंवा हा कुत्राच वाईट. गोंडस पिल्लू परत करावंसं वाटण्याची वेळ बहुधा हीच असते. शिवाय पिल्लू मोठेपणी किती वाढेल, किती भुंकेल, लहान मुलांशी कसं वागेल, हे दोन महिन्यांच्या वयात कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. मोठा कुत्रा जेवढा दिसतो तेवढाच राहणार असतो. साडेतीनशे चौरस फुटांच्या घरात ही बारीक बाब नाही.

यावर जातिवंत कुत्र्यांची बाजू घेणारे म्हणतात, की स्वभावाची खात्री हवी म्हणूनच तर ब्रीड घ्यायचं. यात थोडं तथ्य आहे. लॅब्रॅडॉर साधारणपणे माणसाळू असतो, हे खरं. पण मुंबईत ब्रीड निवडलं जातं ते स्वभाव बघून कमी आणि फॅशन बघून जास्त. 2003 साली हच या मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे धावणारा पग दिसला आणि बघता बघता शहरात पगच पग झाले. त्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला दमट हवेत श्वास घेताना काय कष्ट पडतात, ते मे महिन्यात कुठल्याही व्हेटच्या बाकावर बसून पाहावं. हस्कीचं तर विचारूच नका. 2017 च्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यांना राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. विकणाऱ्याकडे नोंदणीचं प्रमाणपत्र मागून बघावं. संभाषण तिथेच संपलं तर काय ते समजावं. याउलट आपला देशी कुत्रा आखूड केसांचा, मध्यम चणीचा, पंधरा-वीस किलोंचा. या हवेत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला.

मोठ्या कुत्र्याविरुद्धचा सगळ्यात मोठा आक्षेप असा: लहानपणापासून वाढवलं नाही तर तो आपला होत नाही. ऐकायला पटतं, पण पुरावा उलट आहे. बुडापेस्टमधल्या मार्ता गाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली निवारागृहातल्या साठ मोठ्या कुत्र्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही कुत्र्यांबरोबर एकाच अनोळखी व्यक्तीनं तीनदा, दर वेळी दहाच मिनिटं घालवली. तेवढ्यावर ते कुत्रे त्या व्यक्तीशी मालकाशी वागावं तसे वागू लागले: ती गेली की दाराशी थांबणं, परत आली की धावत जाणं. आपल्याकडचा पुरावा तर आणखी जवळचा आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांच्या 2017 च्या प्रयोगात असं दिसलं, की अनोळखी माणसाशी वारंवार गाठ पडत गेली तर रस्त्यावरच्या कुत्र्याचा विश्वास खाऊपेक्षा डोक्यावरून फिरणाऱ्या हातामुळे जास्त बसतो. 2020 च्या दुसऱ्या अभ्यासात, जे कुत्रे जवळ यायला तयार झाले त्यांपैकी सुमारे 80 टक्क्यांनी माणसानं बोट दाखवलं त्या दिशेचंच भांडं निवडलं. कुणी शिकवलेलं नव्हतं. मात्र जवळपास निम्मे कुत्रे जवळ आलेच नाहीत, हेही त्याच अभ्यासात आहे, आणि निवड करताना ते विसरून चालणार नाही.

कारण यापुढचा आक्षेप खरोखर वजनदार आहे. रस्त्यावर मोकळा वाढलेला कुत्रा चार भिंतींत डांबायचा कशाला? मुंबईत 2014 च्या गणनेत 95,172 भटके कुत्रे होते. दहा वर्षांनंतरच्या गणनेतही आकडा नव्वद हजारांच्या आसपासच राहिला. यातल्या बऱ्याच कुत्र्यांची गल्ली ठरलेली, बिस्किटं घालणारा टपरीवाला ठरलेला, झोपायची गाडीखालची जागा ठरलेली. कानाला व्ही आकाराची खाच, म्हणजे नसबंदी झालेली. असा तंदुरुस्त, आपल्या टोळीत रमलेला कुत्रा उचलून सातव्या मजल्यावर नेणं यात दया कमी आणि हौस जास्त, हे मला मान्य आहे. पण दत्तक जाण्याजोगे कुत्रे वेगळे असतात. कुणीतरी पाळून सोडून दिलेले, अपघातात पाय गमावल्यानं रस्त्यावर टिकू न शकणारे, पिल्लूपणी उचलून निवाऱ्यात वाढवले पण कुणी न नेल्यानं तिथेच मोठे झालेले. वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज ही संस्था 1985 पासून मुंबईत काम करते. वर्ल्ड फॉर ऑलसारख्या संस्था दत्तक मेळावे भरवतात. अशा मेळाव्यांत पिल्लांभोवती गर्दी असते आणि बाजूला शांत बसलेल्या तीन वर्षांच्या कुत्रीकडे कुणी फिरकत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात ही वाट दाखवली आहे: इच्छुकानं महापालिकेकडे अर्ज करावा, निवडलेल्या कुत्र्याला टॅग लावून तो त्याच्या हवाली केला जाईल, आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदाराची. शेवटची अट नीट वाचावी. पटलं नाही म्हणून गल्लीत सोडून देणं हा पर्याय त्यात नाही.

निवड कशी करावी? दोघांनी मिळून जावं, आणि जाऊन स्वस्थ बसावं. कुत्र्याच्या अंगावर जाऊ नये, डोळ्याला डोळा भिडवू नये. तो आपणहून हुंगायला आला, मानेखाली खाजवल्यावर हात थांबवला तर पुन्हा डोकं पुढे करतो का ते बघावं. गळ्यातला पट्टा धरल्यावर अंग ताठ करतो का, खाताना शेजारी उभं राहिलं तर घास गिळण्याची घाई करतो का, झाडू उचलला तर दबकतो का, हे सांभाळणाऱ्यालाच करून दाखवायला सांगावं. दोघांपैकी एकाकडेच येत असेल तर घाईनं ठरवू नये, आठवड्यानं परत जावं. बऱ्याच कुत्र्यांना पुरुषांची भीती असते; ती जाते, पण वेळ घेते. जिना आणि लिफ्ट हा स्वतंत्र विषय. निवाऱ्यात वाढलेल्या कुत्र्यानं यातलं काहीच पाहिलेलं नसतं. आपोआप सरकणारं लिफ्टचं दार पाहून धीट कुत्राही चारी पाय रोवून उभा राहतो. त्याला ओढू नये; पहिले काही दिवस उचलून किंवा जिन्यानं न्यावं. रुळायला तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक आडाखा कुत्री सांभाळणाऱ्यांत प्रचलित आहे: तीन दिवसांत भेदरलेपण ओसरतं, तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. हे शास्त्र नव्हे, पण अपेक्षा आवरायला उपयोगी आहे.

सोसायटीचा अडसर लोक समजतात तितका मोठा नाही, आणि भाड्याच्या घराचा समजतात त्याहून मोठा आहे. भारतीय प्राणिकल्याण मंडळाच्या 2015 च्या परिपत्रकानुसार सर्वसाधारण सभेत बहुमतानं ठराव केला तरी सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टसाठी वेगळे पैसेही आकारता येत नाहीत. केरळ उच्च न्यायालयानं 2021 मध्ये अशी बंदी घालणारी कलमं बेकायदा ठरवली. मात्र घरमालक आणि भाडेकरू यांच्यातला अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार ही निराळी गोष्ट. त्यात प्राणी पाळू नये असं कलम असेल तर परिपत्रक दाखवून फारसं काही साधत नाही. म्हणूनच दत्तक देणाऱ्या संस्था घरमालकाचं संमतिपत्र मागतात, घर पाहायला येतात, आणि कुटुंबातल्या प्रत्येकाला विचारतात. काही जणांना हे चौकशीसत्र अपमानास्पद वाटतं. वाटू दे. लग्न जमवताना आपण यापेक्षा जास्त विचारतो. कुत्र्यासाठी पालिकेचा परवानाही लागतो. तो 1888 च्या महापालिका अधिनियमाखाली दिला जातो, आणि त्यासाठी रेबीज लसीकरणाचा दाखला लागतो.

आता शिल्लक राहतो तो सगळ्यात भावनिक मुद्दा. रस्त्यावरच्या पिल्लांचे हाल मोठ्या कुत्र्यांपेक्षा जास्त होतात, मग वाचवायचं तर पिल्लूच का नको? आयसरच्याच गटानं 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 364 पिल्लांचा मागोवा घेतला होता. प्रजननाच्या वयापर्यंत त्यांतली फक्त 19 टक्के जगली, आणि बरेचसे मृत्यू माणसामुळेच झालेले होते. आकडा हादरवणारा आहे. पण त्यावरून निघतं ते एवढंच, की पिल्लांना दिवसभर घरी असणारी माणसं हवीत: निवृत्त आजी-आजोबा, घरून काम करणारे, ज्यांच्याकडे आधीच एक शहाणा कुत्रा आहे असे लोक. बारा तास बंद असणारं घर पिल्लाला वाचवतं, पण घडवत नाही. मोठा कुत्रा सहा-सात तास निवांत झोपून काढू शकतो. दुपारी एक फेरी मारायला शेजारचं कुणी किंवा पगारी माणूस लावला की नोकरीवाल्यांचंही निभावतं. मोठ्या कुत्र्याला घरी जागा मिळाली की निवाऱ्यातली त्याची जागा पिल्लाला मिळते, हाही हिशेब आहे.

वैद्यकीय सोयीच्या बाबतीत भायखळ्याइतकं नशीबवान ठिकाण देशात क्वचित असेल. मध्य रेल्वेवर तीन स्टेशनं पुढे परळ. तिथे एकोणिसाव्या शतकापासूनचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, म्हणजे जुन्या लोकांचं बैलघोडा हॉस्पिटल, आणि 1886 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. महालक्ष्मीला 2024 पासून टाटा ट्रस्ट्सचं रुग्णालय. त्यामुळे डॉक्टर सापडण्याची चिंता नाही. चिंता करायची ती पहाटे कोण उठणार याची. पावसाळ्यात लेप्टोची लस, गोचिडांसाठी दर महिन्याचं औषध, दिवाळीला गावी जाताना कुत्रा कुठे ठेवायचा, मूल झालं तर काय, एकाची बदली पुण्याला झाली तर कुत्रा कुणाबरोबर जाणार, हे सगळं आणण्यापूर्वी बोलून घ्यावं. परवाना कुणाच्या नावावर, हेही. देशी कुत्रा बारा-चौदा वर्षं सहज जगतो. दोन वर्षांचा आणला तरी दहा-बारा वर्षांचा करार आहे.

आणि तो आणायची वेळ. लालबाग-परळच्या शेजारात राहून गणपतीच्या तोंडावर नवा कुत्रा आणू नये. आगमनाच्या मिरवणुकीतले ढोल-ताशे आणि पाठोपाठ दिवाळीचे फटाके यांनी बिथरून पट्ट्यातून निसटलेला कुत्रा अनोळखी भागात स्वतःहून घरी परतू शकत नाही, कारण घर कुठलं हे त्याला अजून ठरवायचं असतं. दिवाळी संपली, फटाक्यांचा आवाज थांबला, की नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने उत्तम. पहिले पंधरा दिवस फॉस्टर म्हणून ठेवायला बऱ्याच संस्था तयार असतात. तेवढ्यात दोघांनी आलटून-पालटून रजा घ्यावी आणि शक्य तर एक पूर्ण दिवस मुद्दाम त्याला एकटं ठेवून, मोबाईलचा कॅमेरा चालू करून, तो काय करतो ते पाहावं.