कोपरे कापलेला चौकोन

कॅब बुक केलीये, ड्रायव्हर फोनवर विचारतोय, ‘नेमके कुठे आहात?’ आणि मॅपवरचा तुमचा निळा ठिपका मागच्या गल्लीत ठाण मांडून बसलाय. पुण्याच्या पेठांत किंवा गिरगावात राहणाऱ्यांना हे काही नवं नाही. आपण नेटवर्कला शिव्या घालून मोकळे होतो. पण बऱ्याचदा घोळ वेगळाच असतो. उपग्रहाचा सिग्नल समोरच्या इमारतीवर आपटून, लांबच्या रस्त्याने तुमच्या फोनमध्ये शिरतो आणि तो सरळच आलाय असं फोन धरून चालतो.

यावरचा एक उपाय जेमतेम अडीच सेंटिमीटरचा आहे. गाडीत बसवायचा जीपीएस ट्रॅकर उघडला, तर अनेकदा आत छोट्या टाइलसारखा सिरॅमिकचा चौकोन दिसतो, त्यावर चांदीचा पातळ थर. हा पॅच अँटेना. काहींमध्ये त्या थराचे समोरासमोरचे दोन कोपरे तिरके कापलेले असतात. शोभेसाठी नाही, सगळी गंमत तिथेच आहे.

एक दोरी घ्या, दुसरं टोक मित्राच्या हातात द्या. वर-खाली झटका दिलात की लहर एकाच रेषेत हलते. दोरीउड्यांसारखी गोल फिरवलीत की लहर फिरत फिरत पुढे जाते. रेडिओ लहरींचंही असंच असतं. दुसऱ्या प्रकाराला पुस्तकात वर्तुळाकार ध्रुवीकरण म्हणतात, लॅबमध्ये सगळे ‘सीपी’ म्हणतात. फिरण्याची दिशा उजवी किंवा डावी असते. जीपीएस उपग्रह उजवी लहर पाठवतात.

का? एक तर वरचं आयनोस्फिअर सरळ रेषेतल्या लहरीला वाटेतच पिळतं. (आयआयटी बॉम्बेच्या विद्यार्थ्यांनी याच पिळाचा उपयोग करायचं ठरवलं होतं. २६ सप्टेंबर २०१६ ला झेपावलेल्या त्यांच्या ‘प्रथम’ उपग्रहाचं काम होतं, पीळ मोजून वाटेतल्या इलेक्ट्रॉन्सचा हिशोब लावणं.) गोल फिरणाऱ्या लहरीला या पिळाने फरक पडत नाही. दुसरं म्हणजे, आरशात उजवा हात डावा दिसतो ना, तसंच भिंतीवर आपटलेली उजवी लहर बहुतेक वेळा डावी होऊन परतते. अँटेना फक्त उजवीला ‘ओळखत’ असेल, तर ही परतलेली पाहुणी बरीचशी दारातच अडते. फोनमध्ये एवढी जागा नसते. तिथला अँटेना साधारणपणे सरळ रेषेतला असतो, त्यामुळे निम्मी पॉवर जाते आणि डावं-उजवंही कळत नाही.

आता कोपरे. जीपीएसची मुख्य फ्रिक्वेन्सी १५७५.४२ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे लहर सुमारे १९ सेंटिमीटरची. पॅचला तिची निम्मी लांबी लागते, साडेनऊ सेंटिमीटर. खाली २०च्या आसपास डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचं सिरॅमिक घातलं की तेच माप दोन सेंटिमीटरवर येतं. समोरासमोरचे कोपरे कापले की एक कर्ण आखूड होतो. दोन कर्णांवरचे प्रवाह किंचित वेगळ्या फ्रिक्वेन्सीला घुमू लागतात. दोघांच्या बरोबर मध्ये एक अशी जागा सापडते, जिथे एक दुसऱ्याच्या ९० अंश मागे असतो आणि लहर फिरायला लागते. एकच वायर जोडून! पाठीमागचा तांब्याचा पत्रा सिग्नल वरच्या बाजूला, आकाशाकडे ढकलतो. पत्रा फार लहान केलात की तो मागून गळतो. लहान करण्याची किंमत अशी कुठे ना कुठे मोजावी लागतेच.

ईएनटीसीवाल्यांनो, फायनल इयर प्रोजेक्टला हा विषय घेणार असाल तर इथे थांबून वाचा. रिपोर्टमध्ये एस-वन-वनचा ग्राफ लागतो, तो उणे दहा डेसिबलच्या खाली गेला की सगळे खूश. पण तो एवढंच सांगतो, की ९० टक्क्यांहून जास्त पॉवर अँटेनात शिरली. ती फिरत बाहेर पडते की सरळ, याबद्दल अवाक्षर नाही. त्यासाठी अ‍ॅक्सियल रेशो मोजावा लागतो. समोर सरळ रेषेतला अँटेना ठेवून तो हळूहळू स्वतःभोवती फिरवायचा. सिग्नलच्या कमाल-किमान पातळीत तीन डेसिबलपर्यंतच फरक असेल, तर पास.

आणि हा पेपर अवघड आहे. अशा साध्या पॅचमध्ये चांगलं ‘सीपी’ मिळणारा पट्टा साधारण एक टक्का रुंद असतो. दुकानातल्या एफआर-फोर शीटचा स्थिरांक तुम्ही ४.४ धरलात आणि निघाला ४.३, तर फ्रिक्वेन्सी तेवढ्यानेच सरकते. पट्टा संपला! सिम्युलेशनमध्ये झकास आणि टेबलावर ढिम्म, त्याचं एक कारण हे. म्हणून आधी त्याच शीटचा साधा चौकोन कापून फ्रिक्वेन्सी मोजा, त्यावरून खरा स्थिरांक काढा, मगच कोपऱ्यांना हात लावा. सिम्युलेशनसाठी ओपन-ईएमएस फुकट आहे. थिअरीसाठी आयआयटी बॉम्बेच्या प्रा. गिरीश कुमार यांचा एनपीटीईएलवरचा अँटेना कोर्स आहे. त्यातला बराच भाग आम्हा मास कॉमवाल्यांच्या डोक्यावरून जातो, तुमच्या जाणार नाही.

इस्त्रीने टोनर उतरवून घरीच बोर्ड करणार असाल, तर प्रिंट काढताना ‘मिरर’वर टिक केलंय ना, ते बघा. ते राहिलं की कापलेले कोपरे उलट्या कर्णावर येतात. एस-वन-वन तोच, अ‍ॅक्सियल रेशोही तोच, फक्त अँटेना डावखुरा होतो. मग तो उपग्रहापेक्षा समोरची भिंतच जास्त मन लावून ऐकतो.