एकाच डोंगराचं पाणी, दोन समुद्रांकडे

भुशी डॅमवर भिजून आलात? मग हे वाचाच. लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावणारी इंद्रायणी पूर्वेला निघते, तुळापूरला भीमेला मिळते आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात पोचते. पण शेजारच्याच वळवण, शिरवत्याच्या तलावांतलं पाणी नळांतून घाट उतरतं, खोपोलीत वीज तयार करतं (१९१५ पासून!) आणि पाताळगंगेतून अरबी समुद्रात जातं. ढग जिथून आले तिथेच परत! इकडे पुणे जिल्ह्याच्याच पूर्वेला, पर्जन्यछायेतल्या इंदापूर-बारामतीत, कमी पावसाच्या वर्षी टँकर फिरतात.

आणि इंद्रायणी? आळंदीला पोचेपर्यंत ती कितीदा फेसाळलेली दिसते. फार लागतं मनाला. नदीत घाण सोडणं १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानं मना आहे, आणि वारकरी तेच पाणी तीर्थ म्हणून ओंजळीत घेतात.