मोटारीचा टायर आणि त्यातील हवा

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. ती दगडावर वाकत नाही, म्हणून प्रत्येक धक्का गाडीत बसलेल्यापर्यंत पोहोचतो. चाक आणि रस्ता यांच्यामध्ये हवेची गादी ठेवण्याची कल्पना रॉबर्ट टॉमसन यांनी १८४५ साली पेटंट घेऊन मांडली. पण ती व्यवहारात रुजली, ती जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली बेलफास्ट येथे सायकलसाठी हवेचा टायर तयार केल्यानंतर.

मोटारीचे वजन रबर पेलते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः बहुतेक सारे वजन आत कोंडलेली हवाच पेलते. त्या हवेला कोंडून ठेवणे आणि रस्त्याला धरून राहणे, एवढेच रबराचे व त्यातील दोऱ्यांचे आणि तारांचे काम होय. प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. वाहनाचे वळणे आणि थांबणे या चार तळहातांवर अवलंबून असते.

सर्व ऋतूंचा टायर

रबराचा कठीणपणा तपमानाप्रमाणे बदलतो. उन्हाळ्यासाठी बनविलेल्या टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली ताठर होऊ लागते व त्याची पकड कमी होते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. मात्र उन्हात ते लवकर झिजते. ‘सर्व ऋतूंचा’ टायर हा या दोहोंमधील मध्यम मार्ग आहे. दोन्ही गुण थोडे थोडे मिळतात, पूर्णपणे एकही मिळत नाही.

टायरच्या बाजूवर ‘एम’ व ‘एस’ ही रोमन अक्षरे असली, तर ती चिखल व बर्फ यांविषयी निर्मात्याने स्वतः केलेली ग्वाही समजावी. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाची आकृती असेल, तर तो टायर बर्फावरील पकडीच्या ठराविक चाचणीस उतरलेला असतो. काश्मीर वा हिमाचलमध्ये हिवाळ्यात मोटार चालविणाऱ्यास हा फरक महत्त्वाचा आहे. चेन्नई वा नागपूरच्या रहिवाशास त्याचा फारसा उपयोग नाही. तेथे खरी परीक्षा पावसाळा घेतो. टायरच्या खाचा पाणी बाजूला सारतात; त्या उथळ झाल्या की चाक पाण्याच्या थरावर तरंगू लागते आणि सुकाणू निरुपयोगी ठरते. खाचेची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली की टायर बदललाच पाहिजे. पावसाळ्यापूर्वी तो त्याआधीच बदलणे शहाणपणाचे.

टायरवरील आकडेही वाचता यावेत. ‘१९५/६५ आर १५ ९१ एच’ याचा अर्थ असा: रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रचना रेडियल, रिमचा व्यास १५ इंच, भारक्षमता ६१५ किलोग्रॅम आणि वेगमर्यादा ताशी २१० किलोमीटर. नवा टायर या दोन मर्यादांत निर्मात्याने सांगितल्यापेक्षा कमी असू नये. चार अंकी खुणेतील पहिले दोन अंक निर्मितीचा आठवडा व पुढील दोन अंक वर्ष सांगतात.

उन्हाळ्यातील गैरसमज

उन्हाळ्यात हवा प्रसरण पावते, म्हणून ती कमी भरावी, असे अनेक चालक मानतात. हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. वरील मापाचा टायर ताशी १०० किलोमीटर वेगाने तासाभरात सुमारे ५०,००० फेरे घेतो. हवा कमी असली, तर प्रत्येक फेऱ्यात त्याची बाजू अधिक दबते व पुन्हा सरळ होते. या घडामोडीतील काही शक्तीची उष्णता बनते. ती साचत जाते, आतील थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि अखेर टायर फुटतो. चालताना वाढणारा दाब निर्मात्याने हिशेबात धरलेलाच असतो. म्हणून तापलेल्या टायरमधून हवा कधीही सोडू नये.

याउलट हिवाळ्यात दाब आपोआप उतरतो. दिल्लीत मे महिन्यात ४० अंश तपमानात ३३ पौंड हवा भरली आणि ती मुळीच गळली नाही, असे समजू. जानेवारीच्या पहाटे ५ अंशांवर तोच दाब सुमारे २८ पौंड भरेल.

दिव्याचा इशारा

हा बदल डोळ्यांना दिसत नाही. यासाठी दाबमापक संवेदकांची योजना झाली. १९८६ साली पोर्शे ९५९ या मोटारीत ती प्रथम आली. अमेरिकेत २००७ सालापासून सर्व नव्या मोटारींना ती आवश्यक झाली. एका प्रकारात चाकाच्या आत बसविलेला संवेदक दाब मोजून रेडिओलहरींनी कळवितो. त्याची बॅटरी साधारणतः ५ ते १० वर्षे टिकते आणि मग बहुधा सबंध संवेदकच बदलावा लागतो. दुसऱ्या प्रकारात दाब मोजलाच जात नाही. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होऊन अधिक वेगाने फिरते, त्यावरून अनुमान केले जाते. चारही चाकांतील हवा सारखीच उतरली, तर साधी अनुमानपद्धती फसू शकते.

दिवा सतत पेटला, तर हवा कमी आहे. तो मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुधा यंत्रणेतच बिघाड आहे. पंक्चर काढताना आत संवेदक असल्याचे कारागिरास आधी सांगावे, नाहीतर पहारीने तो मोडतो.

अमेरिकन नियमानुसार दाब २५ टक्के उतरल्यावर दिवा पेटला पाहिजे. ३३ पौंडांचा टायर सुमारे २५ पौंडांवर येईपर्यंत तो गप्प राहू शकतो. म्हणजे दिल्लीच्या त्या पहाटे २८ पौंडांवर दिवा विझलेलाच असेल, आणि चालक निश्चिंत!

म्हणून दिव्याला अखेरचा इशारा मानावे. महिन्यातून एकदा, आणि लांबच्या प्रवासापूर्वी, गाडी निदान तीन तास उभी असताना दाब मोजावा. योग्य आकडा चालकाच्या दाराजवळील पट्टीवर असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. स्टेपनीतील हवाही त्याच वेळी पाहावी. एवढ्या कामास पाच मिनिटे पुरतात.