वराडच्या घराण्यातला डॉक्टर पंतप्रधान

देहूरोड ही छावणीची वस्ती. लष्करी डेपो आणि आयुध निर्माणीच्या कामासाठी नाना प्रांतांतली माणसे इथे आली आणि इथलीच झाली. परक्या मुलखात रुजणे म्हणजे काय, हे आम्हा देहूरोडकरांना वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच डॉ. लिओ वराडकर यांची हकीकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

मालवण तालुक्यातील वराड हे त्यांच्या वडिलांचे मूळ गाव. वडील डॉ. अशोक वराडकर 1960 च्या दशकात इंग्लंडला गेले. तिथे मिरियम या आयरिश परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. पुढे हे कुटुंब आयर्लंडमध्ये स्थायिक झाले. 1979 साली डब्लिनमध्ये लिओ यांचा जन्म झाला. ट्रिनिटी कॉलेजातून 2003 मध्ये ते डॉक्टर झाले, 2007 मध्ये संसदेवर निवडून आले, 2014 ते 2016 आरोग्यमंत्री होते आणि जून 2017 मध्ये, वयाच्या 38 व्या वर्षी, पंतप्रधान झाले. बाहेरून आलेल्या माणसाच्या मुलाच्या हाती त्या देशाने आपला कारभार सोपवला.

मलेशियाचे डॉ. महाथिर मोहम्मद हेही आधी डॉक्टरच. अलोर सेतारमध्ये त्यांचा दवाखाना होता. 1981 ते 2003 आणि पुन्हा 2018 मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, ते पंतप्रधान झाले.

डॉक्टर गादीवर बसला की देशाची सगळी दुखणी बरी होतात, असे मात्र नाही. वराडकरांच्या काळातही आयर्लंडच्या रुग्णालयांत खाटांची ओढाताण होती आणि घरांची टंचाई लोकांना छळत होती. पण मार्च 2020 मध्ये कोरोना आला, तेव्हा पंतप्रधानपदावर असतानाच त्यांनी डॉक्टर म्हणून पुन्हा नोंदणी केली आणि आठवड्यातून एक पाळी रुग्णांसाठी देऊ केली. काम साधेच होते, बहुतेक फोनवरून विचारपूस करण्याचे.

आज आपल्या घराघरांत नीटच्या गुणांची चिंता आहे. अम्मी-अब्बा पोटाला चिमटा काढून क्लासची फी भरतात. मुलांनी डॉक्टर जरूर व्हावे. पण मोठ्या खुर्चीवर बसल्यावरही आजाऱ्याचा फोन उचलावासा वाटणे, ही खिदमतीची सवय कुठल्या क्लासात मिळत नाही. शेजारी कुणी आजारी असताना आपण काय करतो, हे मुले घरातच पाहतात आणि तेच शिकतात.