निशाणावरचा फोटो

पारनेर तालुक्यात यात्रेचे बैलगाडे पळायचे असले की मुरलेला फोटोग्राफर पहिल्या बारीच्या, म्हणजे पहिल्या गाड्याच्या धावेच्या, बराच आधी पोहोचतो. घाट खालून वरपर्यंत पायी चढतो. माती कुठे भुसभुशीत आहे, कडेचा बांध कुठे खचलाय, दुपारनंतर ऊन कोणत्या अंगाने येईल, हे बघून ठेवतो.

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि पारनेरच्या पट्ट्यात चढाच्या या धावपट्टीला घाट म्हणतात. एका वेळी एकच गाडा सुटतो आणि त्याची लढत घड्याळाशी असते. मोटारींच्या हिल क्लाइंब शर्यतीतही हाच हिशेब. फरक इतकाच, की इथे गाड्यालगत धुरेला दोन आणि त्यांच्यापुढे जुकाटाला दोन असे चार बैल असतात आणि पुढे घोडी पळते. चांगली बारी ११-१२ सेकंदांत निशाण, म्हणजे शेवटची रेघ, गाठते. तेवढ्यात फोटो मिळाला तर मिळाला.

नवख्याचा घात घोडी करते. ती आधी चौकटीत शिरते, ऑटोफोकस तिलाच धरून बसतो आणि मागचे बैल धूसर येतात. त्यात भंडारा उधळला की फोकस त्या पिवळ्या ढगावर अडकतो. म्हणून जाणकार माणूस निशाणाच्या रेघेवर आधीच फोकस लावून ऑटोफोकस बंद करतो. काळपट मातीमुळे कॅमेरा उजेड वाढवू पाहतो आणि पांढऱ्या खिल्लार बैलाचे अंग नुसते कोरे उमटते. त्यामुळे उजेड थोडा उतरवूनच ठेवावा लागतो.

मग प्रश्न शटरचा. सेकंदाला १० मीटर वेगाने पळणारा बैल १/१००० सेकंदात फक्त १ सेंटीमीटर सरकतो. खूर, उडालेली ढेकळे, ताणलेली मान असे सगळे लख्ख येते. १/६० सेकंदात तोच बैल सुमारे १७ सेंटीमीटर पुढे जातो. अशा वेळी गाड्याबरोबर कॅमेरा फिरवला तर बैल स्पष्ट राहतो, मागची गर्दी रेषांसारखी ओढली जाते आणि फोटोत वेग दिसतो. मात्र हात जरा अडखळला तरी बारी वाया जाते.

वेगाचा फोटो कॅमेऱ्याच्या घडणीवरही ठरतो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात झाक आँरी लार्तिग या फ्रेंच तरुणाने शर्यतीच्या मोटारीचा फोटो घेतला. त्यात चाक पुढे कलंडलेले आणि प्रेक्षक मागे झुकलेले दिसतात. त्याच्या कॅमेऱ्याचे शटर म्हणजे सरकणारी फट होती. चित्राचा एक भाग आधी आणि दुसरा नंतर टिपला जात होता, आणि तेवढ्यात कॅमेराही फिरत होता. मोबाइलचा सेन्सर आजही चित्र ओळीओळीने वाचतो. म्हणून बांधावरच्या अनेक मोबाइलांत गाड्याचे चाक तिरके येते.

खरा धोका निशाणापलीकडे असतो. घड्याळ थांबले तरी बैल थांबत नाहीत. त्यांना धरायला माणसे धावतात, बिथरलेली जोडी गर्दीकडे वळते, कधी गाडा उलटतो. खळबळजनक फोटो तिथेच मिळतो म्हणून काही जण थेट वाटेत बसतात. हे थांबलेच पाहिजे. कॅमेरा डोळ्याला लावला की बाजूचे काही दिसत नाही, आणि वाटेतल्या माणसाला चुकवताना बैलाचाही पाय मोडू शकतो. लांब लेन्स घेऊन अडथळ्यामागे उंचावर उभे राहिले तर हाच क्षण सुरक्षित टिपता येतो. कोणी पडलेच, तर आधी हाक, मग हात आणि त्यानंतर फोटो.

अपघाताच्या फोटोला आणखी एक किंमत आहे: तो पुरावा ठरू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यती बंद केल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. त्या कायद्यात बैलाला क्रूरपणे वागवल्यास ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद आहे. बैलाजवळ गेलेली काठी, नसलेला अडथळा, आत घुसलेली गर्दी हे सगळे फोटोत पकडले जाते. असे फोटो खोडून न टाकता आयोजकांना दाखवले, तर पुढच्या वर्षी बांध कुठे वाढवायचा ते कळते.

गाडामालकाची मागणी वेगळी असते. त्याला निशाणावरचा, चारही बैलांची तोंडे दिसणारा, घोडीने एकही बैल न झाकलेला फोटो हवा असतो. त्यासाठी फोटोग्राफर घाटाच्या वरच्या टोकाला, जरा कडेला उभा राहतो, कारण घोडी आणि बैल यांच्यातले अंतर त्याच कोनातून मोकळे दिसते.