ऑफिसच्या वाटेवरचा व्यायाम

पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणत. तेव्हा अनेकांचा व्यायाम कामावर जाता-येताच होई. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. ऑफिस तीन किलोमीटरवर असेल, तर सायकलने रमतगमत १५ मिनिटं लागतात. जाऊन-येऊन पाच दिवसांत हिशेब पुरा! शरीराचा बराच भार सीटवर असल्याने गुडघ्यांना धावण्याइतके धक्के बसत नाहीत. पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावताना शिरांमधलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. सीटची उंची मात्र नीट पाहा. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा. सीट फार खाली असली की गुडघे दुखतात आणि दोष सायकलला मिळतो. जिन्याखाली धूळ खात पडलेली सायकल या सोमवारी बाहेर काढा. आधी ब्रेक तेवढे तपासा.