बहुवारिकांचे पहिले पुस्तक कसे निवडावे?

बारावीपर्यंतच्या रसायनशास्त्रात बहुवारिकांची म्हणजेच पॉलिमरची ओळख होते. बहुतेक विद्यार्थी हा भाग कोष्टकासारखा पाठ करतात. पॉलिथीन कशापासून बनते, नायलॉन ६,६ कशापासून, बेकेलाइटचा उपयोग काय! यादी संपली की विषय संपला, असे त्यांना वाटते. एखाद्याला मात्र पुढे वाचावेसे वाटते. अशा मुलासाठी, किंवा शाळेच्या ग्रंथालयासाठी, कोणते पुस्तक घ्यावे असे शिक्षक आम्हाला विचारतात. पुस्तके महाग आणि अनुदान तुटपुंजे. घेतलेली प्रत दहा-पंधरा वर्षे तरी कपाटात राहणार. तीही नवी यादीच निघाली, तर त्या मुलाचे कुतूहल तिथेच विझेल. म्हणून पुस्तकांची नावे सांगण्याआधी पुस्तक पारखायचे कसे, ते पाहू. आमच्या मते दोन प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न: हे पुस्तक 'सरासरी' नीट समजावते का?

पाण्याच्या रेणूचा रेणुभार १८. पण पॉलिथीनच्या एकाच तुकड्यात काही साखळ्या आखूड असतात, काही खूप लांब. साखळी वाढता वाढता कुठे थांबेल, हे बरेचसे योगायोगावर अवलंबून असते. त्यामुळे बहुवारिकाचा रेणुभार ही सरासरीच असते. पण कोणती सरासरी?

एका शाळेत पाच वर्ग आहेत. चार वर्गांत प्रत्येकी १० मुले आणि एका वर्गात ६०. एकूण मुले १००. मुख्याध्यापक म्हणतील, "आमच्याकडे वर्गात सरासरी २० मुले." आता प्रत्येक मुलाला विचारा, "तुझ्या वर्गात किती मुले?" चाळीस मुले 'दहा' म्हणतील, साठ मुले 'साठ' म्हणतील. या शंभर उत्तरांची सरासरी येते ४०. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पहिल्यात वर्ग मोजले, दुसऱ्यात मुले.

आता वर्गाच्या जागी साखळी घ्या. चार साखळ्यांचा रेणुभार १०,००० आणि पाचवीचा ६०,००० असेल, तर संख्येनुसार सरासरी २०,००० आणि वजनानुसार सरासरी ४०,००० येईल. परासरण दाब किती कण आहेत यावर ठरतो, म्हणून त्यावरून पहिली सरासरी कळते. प्रकाशाच्या विकिरणात मोठे रेणू अधिक प्रभाव पाडतात, म्हणून तिथे दुसरी. वितळलेले प्लास्टिक किती घट्ट वाहते, हेही मुख्यतः दुसरीवर अवलंबून असते, कारण लांब साखळ्या एकमेकींत गुंततात. पुस्तकातले रेणुभाराचे प्रकरण उघडा. तिथे नुसती सूत्रे आहेत, की असे एखादे छोटे गणित सोडवून दाखवले आहे?

दुसरा प्रश्न: हे पुस्तक रोजच्या अनुभवाचे कारण सांगते का?

पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत उकळते पाणी ओतले की बाटली आक्रसते, वेडीवाकडी होते. (हे शिक्षकांनीच, बाटली मोठ्या भांड्यात ठेवून करावे.) मुले म्हणतात, "बाटली वितळली." पण हे प्लास्टिक, म्हणजे पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, २५० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते. मग झाले काय? सुमारे ७५ अंशांच्या खाली त्यातील साखळ्या जागच्या जागी गोठल्यासारख्या असतात. त्यापुढे त्यांना हालचाल करता येते. बाटली घडवताना ताणून ठेवलेल्या साखळ्या मग पुन्हा वेटोळी होऊ पाहतात. या सीमेला काच-संक्रमण तापमान म्हणतात.

पांढऱ्या सुतारी गोंदातल्या पॉलिव्हिनिल ॲसिटेटची ही सीमा तीस अंशांच्या आसपास आहे. त्याचा शुद्ध पापुद्रा नागपूरच्या डिसेंबरात ठिसूळ आणि मे महिन्यात लवचीक असेल. याचे कारण ज्या पुस्तकातून शोधता येते, ते पुस्तक चांगले.

आता काही पुस्तके पाहू. पॉल फ्लोरी यांचे १९५३ सालचे 'प्रिन्सिपल्स ऑफ पॉलिमर केमिस्ट्री' हा या विषयाचा पायाच. फ्लोरी यांना १९७४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यातले गणित नवशिक्याला दमवते. बिलमेयर यांचे 'टेक्स्टबुक ऑफ पॉलिमर सायन्स' विषयाची रुंदी दाखवते. ओडियन यांचे 'प्रिन्सिपल्स ऑफ पॉलिमरायझेशन' अभिक्रियांत खोल शिरते. ते पदवीनंतर वाचावे.

पहिले पुस्तक म्हणून आम्ही गोवारीकर, विश्वनाथन आणि श्रीधर यांचे 'पॉलिमर सायन्स' सुचवतो. त्याची पहिली आवृत्ती १९८६ सालची. पुण्यात जन्मलेले वसंत गोवारीकर १९७९ ते १९८५ या काळात तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. रॉकेटच्या घन इंधनात अमोनियम परक्लोरेट आणि ॲल्युमिनियमची पूड यांना धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे रबरासारखे बहुवारिकच. ते थंडीत तडकले किंवा उन्हात फार मऊ झाले, तर रॉकेट धोक्यात येते. म्हणजे आपले दोन्ही प्रश्न तिथे रोजच्या कामाचे! पुस्तकाची इंग्रजी सोपी आहे आणि आकृत्यांचा आधार भरपूर आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलालाही ते झेपते.

एक सावधगिरी मात्र हवी. प्रत कोणत्या सालची आहे, ते पाहावे. साखळीची लांबी काबूत ठेवणाऱ्या काही महत्त्वाच्या पद्धती १९९५ नंतर पुढे आल्या. प्लास्टिकचा पुनर्वापर आणि सूक्ष्म प्लास्टिककण यांचा विचारही जुन्या प्रतींत सापडणार नाही. त्याची भर शिक्षकांनी घालावी.

विकत घेण्याआधी पुस्तक हाताळून पाहणे उत्तम. नागपुरात १९४२ साली सुरू झालेल्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी आपला एखादा माजी विद्यार्थी शिकत असेल. त्याच्याकडचे पुस्तक मागून घ्यावे आणि हे दोन प्रश्न त्या पुस्तकाला विचारावेत. तासाभरात निर्णय होईल.